पुढे जाताना डावीकडून, मागे येताना उजवीकडून : मागच्या ड्रम ब्रेकमधल्या एका ‘टक्’चा तपास

गाडी साधी, छोटी हॅचबॅक. पुढे डिस्क, मागे ड्रम, दोन सीटच्या मधे ओढायचा हँडब्रेक. मागचे लायनर, म्हणजे ब्रेक दाबल्यावर ड्रमला आतून घासणारा थर, संपत आले होते आणि चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमच्या आत बोटाला लागतील अशा चऱ्या पडल्या होत्या. म्हणून दोन्ही बाजूंचे शू, म्हणजे लायनर ज्यांच्यावर बसवलेला असतो त्या कमानी, नवे टाकले आणि दोन्ही ड्रम लेथवर टर्न करून, म्हणजे आतून कापून गुळगुळीत करून आणले. या ड्रमचा मूळ आतला व्यास २०० मिलिमीटर आणि ड्रमवरच उठवलेली कमाल मर्यादा २०१. टर्निंगनंतर मी मोजला तेव्हा २००.५ भरला. सगळं मापात होतं. शू बसवले, ॲडजस्ट केले, एक चक्कर मारली. ब्रेक छान लागत होता. गाडी देऊन टाकली.

दोन दिवसांनी गाडीच्या मालकीणबाई परत आल्या. वयाने मोठ्या आहेत, मी त्यांना काकू म्हणतो. म्हणाल्या, “अरे, ब्रेक चांगला लागतोय, पण हळूहळू थांबवताना मागून कुणीतरी टिचकी मारतंय असं वाटतं. टक्, मग जरा वेळाने पुन्हा टक्. डाव्या बाजूने येतो. आणि गाडी मागे घेताना तोच आवाज उजवीकडून येतो.”

पहिल्या तीन वाक्यांचा सार मी जॉबकार्डावर लिहिला. शेवटचं वाक्य लिहिलं नाही. बंद गाडीत आवाजाची बाजू ओळखणं खरंच अवघड असतं. पत्रा आवाज इकडून तिकडे नेतो. काकूंना भास झाला असेल असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं. पुढचे आठ दिवस त्या न लिहिलेल्या वाक्यापायी वाया गेले, म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहितोय.

आधी आवाज ऐकणं

ड्रम बंद पेटीसारखा असतो. आत काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून उघडण्याआधी आवाजाकडूनच जितकं काढून घेता येईल तितकं घ्यावं लागतं. त्यासाठी मी तीन गोष्टी पाहतो: आवाज ब्रेक दाबल्यावर येतो की सोडल्यावर, चाकाच्या फेऱ्यांशी त्याचा काही हिशोब लागतो का, आणि तो सतत आहे की तुटक.

इथे ब्रेक सोडला की आवाज गप्प. त्यामुळे बेअरिंग बाजूला पडलं. बेअरिंग खराब असेल तर ब्रेक असो वा नसो, वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं येते आणि वळणावर गाडीचं वजन एका बाजूला गेलं की ती कमी-जास्त होते. बॅकप्लेट, म्हणजे ड्रमच्या मागची न फिरणारी थाळी जिच्यावर शू बसतात, वाकून ड्रमच्या काठाला घासत असती तरी आवाज ब्रेकशिवाय आला असता, आणि तो दर फेरीला एकदा ‘सर्र’ असा. सैल झालेली स्प्रिंग किंवा निसटलेली टोपी खड्ड्यांवर खुळखुळते आणि ब्रेक दाबल्यावर उलट शांत होते, कारण शू ड्रमला टेकून घट्ट बसतात. लायनर संपून लोखंडावर लोखंड घासत असेल तर जी खरखर येते ती एकदा ऐकली की विसरत नाही. इथे तर लायनर नवे कोरे होते. दमट हवेत रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या ड्रमवर गंजाचा पातळ थर धरतो आणि सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकला घुर्र होतं, तेही हे नव्हतं. चिरका आवाज बहुतेक वेळा लायनर चकाकल्यामुळे, धुळीमुळे किंवा लायनरच्या टोकांना उतार न दिल्यामुळे येतो. आपला आवाज चिरका नव्हता, ठोक्याचा होता.

ठोक्याचा एक प्रकार निर्धोक असतो. गाडी मागे घेऊन पुढे काढली आणि पहिला ब्रेक दाबला की शू आपल्या बैठकीत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे किंचित सरकतात आणि एकच ‘टक्’ होतो. दिशा बदलल्यावर एकदाच. काकूंच्या गाडीत मात्र एकाच दिशेने जाताना, ब्रेक हलका धरून ठेवला तर पुन्हा पुन्हा होत होता.

आवाज मागचाच आहे याची खात्री करणं सोपं होतं. मोकळ्या सपाट जागी, चालण्याच्या वेगाने गाडी सोडली, पायाचा ब्रेक न लावता हँडब्रेकचं बटण दाबून धरलं आणि दांडा हळूच दोन खटके उचलला. या गाडीत हँडब्रेक केबलने फक्त मागचे शू उघडतो, पुढच्या डिस्कशी त्याचा काही संबंध नाही. टक् आला. पुढची बाजू सुटली. बटण दाबून धरणं मात्र इथे महत्त्वाचं, नाहीतर दांडा अडकतो आणि चाक जॅम होऊ शकतं.

इथवर सगळं बरोबर चाललं होतं.

चुकलेली वाट

डावं चाक काढून ड्रम उघडला. गाडी स्टँडवर, पुढच्या चाकांना ओट (गाडी सरकू नये म्हणून अडकण) लावलेली, हँडब्रेक सोडलेला. आतली धूळ मी कधीच हवेच्या पाइपाने उडवत नाही. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं आणि नसलं तरी ती बारीक भुकटी फुप्फुसात जाण्यासारखी नाहीच. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसायची, तोंडावर मास्क ठेवायचा.

बॅकप्लेटवर प्रत्येक शूला टेकण्यासाठी तीन उंचवटे असतात, दोन शूंचे मिळून सहा. शूची कड त्यांच्यावर सरकत राहते. वर्षानुवर्षं सरकून तिथे खाच पडली की शू त्या खाचेत अडकतो आणि उडी मारून बाहेर येतो, तेव्हा अगदी असाच ठोका बसतो. डावीकडच्या पुढच्या शूच्या मधल्या उंचवट्यावर मला एक उथळ, चकचकीत ठसा दिसला. सापडलं, असं वाटलं. कानस मारून सपाट केला, सहाही ठिकाणी ब्रेकसाठीचं उष्णता सोसणारं ग्रीस अगदी पातळ लावलं. लायनरला त्याचा स्पर्शही होऊ दिला नाही. चक्कर मारली तर आवाज जवळपास गेला होता.

तीन दिवसांनी परत आला. ग्रीसने ठोका फक्त मऊ केला होता.

मग मी ती चाचणी केली जी आम्ही सगळेच करतो. संशय असलेला भाग एका बाजूचा काढून दुसऱ्या बाजूला लावायचा आणि आवाज त्याच्यामागे जातो का ते बघायचं. डावा ड्रम उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला. आवाज डावीकडेच राहिला. यावरून मी निष्कर्ष काढला की ड्रम निर्दोष आहे आणि दोष डाव्या बाजूच्या आतल्या जुळणीत आहे. त्या क्षणी हा निष्कर्ष मला इतका पक्का वाटला की नंतर ड्रमकडे मी पाहिलंसुद्धा नाही. डाव्या बाजूच्या सगळ्या स्प्रिंगा बदलल्या, शू धरून ठेवणाऱ्या पिना आणि टोप्या बदलल्या, शू आणि ड्रममधलं अंतर ठेवणारा ॲडजस्टर खोलून साफ केला. डावे नवे शू काढून त्याच मेकचा दुसरा जोड लावून पाहिला. काही फरक नाही.

चाक हाताने फिरवूनही पाहिलं होतं. पण ब्रेक मोकळा सोडून! शू ड्रमला टेकलेच नाहीत तर ते बोलणार कसे? आणि हँडब्रेक पूर्ण ओढला की चाक फिरत नाही. जी मधली अवस्था रस्त्यावर आवाज काढत होती, ती मी जॅकवर कधी निर्माणच केली नव्हती.

मागच्या सीटवर बसल्यावर

आठव्या दिवशी काकूंनाच गाडी चालवायला सांगितली आणि मी मागच्या सीटवर मधोमध बसलो, दोन्ही काचा उघड्या टाकून. पुढे जाताना ब्रेक हलका धरला: डावीकडून टक्. थांबून रिव्हर्स घातला, तसाच हलका ब्रेक: उजवीकडून टक्, तितकाच स्वच्छ. डावी बाजू पूर्ण गप्प. काकू काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

आता एका बाजूच्या बिघाडाची कल्पना टिकत नव्हती. डाव्या जुळणीतच काही सैल असतं तर उजवीकडून आवाज येण्याचं कारण काय? दोन्ही बाजूंना सारखाच असलेला, पण फिरण्याच्या दिशेप्रमाणे कधी बोलणारा आणि कधी गप्प बसणारा असा काहीतरी दोष हवा होता.

गाडी पुन्हा स्टँडवर घेतली. या वेळी हँडब्रेक दोन खटके ओढून ठेवला, म्हणजे चाक जोर लावून फिरेल इतपत. टायरवर खडूची खूण केली. मदतनीस पोरगा चाक पुढच्या दिशेने फिरवायला लागला आणि मी खाली बसून बॅकप्लेटच्या मागे शूच्या पिनेचं जे डोकं दिसतं त्यावर बोट ठेवलं. एक फेरी, दोन, तीन, चार, आणि बोटाला आतून टिचकी बसली. पुन्हा चार. मग एकदा पाच. पुन्हा चार. पुढच्या शूच्या पिनेवर टिचकी जोरात, मागच्या शूच्या पिनेवर हलकी. पुढे जाताना ड्रम पुढच्या शूला स्वतःबरोबर ओढून आणखी आवळतो, म्हणून त्याची पकड जास्त असते. ते इथे बोटाला कळत होतं.

दर फेरीला एकदा येणारा आवाज असता तर ड्रम अंडाकार आहे किंवा एका जागी काहीतरी उंच आहे असं म्हणता आलं असतं. चार-पाच फेऱ्यांनी येणारा आवाज म्हणजे काहीतरी हळूहळू साठतंय आणि मग एकदम सुटतंय.

ड्रम काढला. ड्रम नसताना पुढचा शू दोन बोटांनी धरून बॅकप्लेटपासून बाहेरच्या बाजूला ओढला. पिनेवरची स्प्रिंग दबली, शू मिलिमीटर-दीड मिलिमीटर उचलला गेला. सोडला. टक्. तोच आवाज, तसाच कोरडा. म्हणजे ड्रम फिरताना शूला बाजूला, चाकाच्या दिशेने खेचत होता, आणि स्प्रिंगचा जोर वरचढ झाला की शू परत येऊन बॅकप्लेटच्या उंचवट्यावर आपटत होता. तो चकचकीत ठसा खाचेची सुरुवात नव्हती, हातोड्याच्या माराची खूण होती.

पण ड्रम शूला बाजूला खेचेल कशाने?

ड्रम टेबलावर तोंड वर करून ठेवला आणि आतल्या पृष्ठभागावरून नख उभं फिरवलं. कर्र असं बारीक वाजलं. डोळ्यांना तो ड्रम आरशासारखा दिसत होता. कागदाचा तुकडा आत धरून त्यावर पेन्सिल आडवी घासली तर कागदावर समांतर रेघा उमटल्या: ३ मिलिमीटरमध्ये १०. त्या रेघा सुट्या नव्हत्या. बॉलपेनचं टोक एका रेघेत हलकंच टेकवलं, पेन सैल धरलं आणि दुसऱ्या हाताने ड्रम सावकाश फिरवला. पेन आपोआप वर चढायला लागलं. ड्रम उलटा फिरवला, पेन खाली उतरलं. एकच सलग रेघ होती, ड्रमच्या तळापासून तोंडापर्यंत गेलेली. लेथवर शेवटचा बारीक कट न मारता जाड फीडवरच काम संपवलं गेलं होतं, म्हणजे ड्रमच्या एका फेरीला टूल ०.३ मिलिमीटर पुढे सरकत होतं, आणि टूलच्या टोकाने ड्रमच्या आत चक्क मळसूत्र कापलं होतं. शू त्या आट्यांत नटासारखा चालत होता. चार फेऱ्यांना १.२ मिलिमीटर, मग परत.

अदलाबदलीने काय केलं

दुसरा ड्रमही टेबलावर घेतला. त्याच लेथवर, तशाच पद्धतीने कापलेला, म्हणून मळसूत्राचा पीळही तोच. पेन त्याच दिशेला चढलं.

गाडीच्या मधोमध उभं राहून डाव्या चाकाकडे पाहिलं, तर गाडी पुढे जाताना ते घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरताना दिसेल. तिथूनच वळून उजव्या चाकाकडे पाहिलं, तर ते उलटं फिरताना दिसेल. चाकं दोन्ही पुढेच चाललीत, पण ड्रमच्या उघड्या तोंडाकडून बघणाऱ्याला दिशा विरुद्ध. म्हणजे एकाच पिळाचे आटे डावीकडे शूला बॅकप्लेटपासून दूर खेचतात, तर उजवीकडे शूला बॅकप्लेटवर दाबतात. दाबलेला शू आधीच टेकलेला असतो, त्याला जायला जागा नसते, आटे त्याच्या खालून घसरून जातात आणि आवाज होत नाही. रिव्हर्समध्ये दोन्ही बाजूंची भूमिका बदलते.

आणि म्हणूनच माझी अदलाबदल निरर्थक होती. दोन्ही ड्रममध्ये एकच दोष, एकाच पिळाचा. डावा काढून उजवीकडे लावला काय अन् उजवा डावीकडे लावला काय, आवाज पुढे जाताना डावीकडेच येणार. चाचणीने खोटं सांगितलं नाही. ‘दोष एकाच ड्रममध्ये असेल तर’ हे मी न बोलता धरून चाललो होतो, ते चुकलं. जोडीने बदललेले किंवा जोडीने मशीनवर गेलेले भाग आपसांत बदलून काहीच सिद्ध होत नाही. तिथे तिसरा, बाहेरचा भाग आणून लावावा लागतो.

तसा एक ड्रम मिळाला, त्याच मापाचा, वापरलेला पण कधीही लेथवर न गेलेला. तो फक्त डावीकडे बसवला. पुढे जाताना टक् नाहीसा. रिव्हर्समध्ये उजवीकडून अजून येतोय. मग तो उजवीकडे बसवला आणि डावीकडे पुन्हा टर्न केलेला. पुढे जाताना डावीकडे आवाज, रिव्हर्समध्ये शांत. या चार चकरांनंतर शंकेला जागा उरली नाही.

दुरुस्ती

नवे ड्रम घेण्याची गरज नव्हती. २०१ च्या आत अजून जागा होती. दोन्ही ड्रम पुन्हा लेथवर नेले, या वेळी स्वतः समोर उभा राहिलो. आटे पुसले जातील इतकाच कट आणि शेवटची फेरी अगदी बारीक फीडवर. व्यास २००.७ आला. मर्यादेला टेकेपर्यंत कधीच कापू नये, कारण पुढच्या झिजेला काही शिल्लक ठेवावं लागतं. मर्यादा ओलांडलेला ड्रम पातळ होतो, लवकर तापतो, तो फेकायचाच.

बारीक कटानेही मळसूत्र पूर्ण जात नाही, फक्त त्याचे आटे जवळजवळ येतात आणि उथळ होतात. म्हणून १२० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून ड्रमच्या आत आडवा-तिडवा घासला, रेघेची सलगता मोडेपर्यंत. हे काम पाच-सात मिनिटांचं आहे, पण घाईत हेच वगळलं जातं. मग साबणाच्या गरम पाण्याने दोन्ही ड्रम धुतले आणि पांढऱ्या फडक्यावर काळं येईनासं होईपर्यंत पुसले. लोखंडाची भुकटी आत राहिली तर ती लायनरमध्ये रुतते आणि आवाजाचं नवं दुखणं सुरू होतं. धुतलेला ड्रम लगेच कोरडा करून बसवायचा, नाहीतर बघता बघता तांबूस होतो.

बसवण्याआधी पुन्हा पेनची चाचणी. टोक टेकवलं, ड्रम फिरवला. पेन जागच्या जागी थरथरलं, चढलं नाही.

शू ॲडजस्ट करताना चाक फिरवल्यावर लायनर जेमतेम लागल्याचा आवाज येईल इतकं ठेवलं. मग मोकळ्या रस्त्यावर साधारण ४० च्या वेगाने जाऊन हळुवार ब्रेक लावण्याच्या दहाएक फेऱ्या केल्या, मधे मधे ड्रमला निवायला वेळ देत, म्हणजे लायनरची पूर्ण रुंदी ड्रमला बसेल. पुढे शांत, मागे शांत. काकूंनी स्वतः चालवून पाहिली आणि मुद्दाम रिव्हर्स घालून दोनदा ब्रेक दाबला. बदललेल्या स्प्रिंगा आणि पिना मी त्यांच्या बिलात धरल्या नाहीत. त्यांची गरज नव्हती.

तीन महिन्यांनी गाडी नेहमीच्या कामासाठी आली तेव्हा परवानगी घेऊन दोन्ही ड्रम उघडले. लायनर दोन्हीकडे पूर्ण रुंदीभर एकसारखा घासलेला. ड्रमच्या आतला पृष्ठभाग राखाडी, मंद चमकणारा, नखाला गुळगुळीत. डावीकडच्या पुढच्या शूच्या मधल्या उंचवट्यावर मी कानस मारलेली जागा जशीच्या तशी होती, तिच्यावर नवा ठसा नव्हता. जुनं ग्रीस पुसलं, नवं पातळ बोट लावलं आणि ड्रम चढवला.